किनाऱ्यावरून समुद्रातली शिकार कशी ओळखावी

शिकारी शोधत बसू नका, तारली-बांगड्याचा थवा शोधा. सुरमई किंवा डॉल्फिन पाण्याबाहेर क्षणभरच दिसतो; बिथरलेला थवा मात्र लांबूनही कळतो.

खाडीच्या तोंडाशी उंच जागा गाठा. विजयदुर्ग, जयगड उत्तम. ऑक्टोबर ते मे, सकाळीच जा: सूर्य पाठीशी असतो, पाणी चकाकत नाही. दुपारी वारा सुटला की काही उमजत नाही. पोलराइज्ड (पाण्यावरची चकाकी कापणारा) गॉगल आणि ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरे.

वेळ तिथीवरून काढा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला ४ची पाऊणपट ३. म्हणजे पहाटे तीनला भरती आणि नवापर्यंत ओहोटी. तासभर मागेपुढे धरा. आपल्याला हवी ती ही ओहोटीच, कारण खाडीचं गढूळ पाणी बारीक मासळी बाहेर आणतं. गढूळ आणि निळ्या पाण्यामधली रेघ स्पष्ट दिसते, तिच्यावरच दुर्बीण ठेवा. सुरमई डोळ्यांनी शिकार करते, म्हणून ती नितळ बाजूला असते. हंपबॅक डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासा हेरतो. त्याला गढूळ पाण्याची अडचण नाही.

आता पाण्याचा पोत बघा. शांत पृष्ठभागावर एखादाच तुकडा शहारल्यासारखा दिसला, तर खाली थवा असू शकतो. वाऱ्याची झुळूकही असाच तुकडा उठवते आणि नवखे इथेच फसतात. झुळूक वाऱ्याबरोबर सरकते, थवा वाऱ्याविरुद्धही जातो. मध्येच चांदीसारखी लकाकी उठली, तर मासे एकदम वळले समजा. प्रत्येक मासा शेजाऱ्याच्या आड जायला बघतो, त्यामुळे थव्याचा गोळा होतो. इतक्या चमकत्या अंगांतून एकच मासा निवडणं शिकाऱ्याला जड जातं. म्हणून सुरमई खालून, थव्याच्या कडेला येते. खालून बघताना उजेडासमोर मासा काळा दिसतो. तिचे दात सुरीसारखे. बांगड्याचे सरळ दोन तुकडे होतात. बारीक मासे फवाऱ्यासारखे ज्या दिशेला उडतात, त्याच्या उलट बाजूला ती असते.

सुरय पक्षी फार कामाचे. चोच खाली करून उंच घिरट्या घालत असतील तर मासा अजून खोल आहे. एकामागून एक सूर मारू लागले की तो वर आलाय. ट्रॉलरच्या मागचे पक्षी मोजू नका, ते टाकलेल्या मासळीसाठी असतात.

डॉल्फिन एका रेषेत, ठरावीक अंतराने वर येत असतील तर ते नुसते चाललेत. एकाच जागी दिशा बदलत, शेपटी आपटत असतील तर शिकार सुरू आहे. अशा वेळी तुम्ही होडीत असाल, तर ती थव्यात घालू नका. त्यांनी मेहनतीने गोळा केलेला थवा फुटतो, शिकार हातची जाते. इंजिन न्यूट्रलवर ठेवून निदान ५० मीटर लांब, एका बाजूला थांबा. ते पाण्याखाली जास्त वेळ राहू लागले किंवा होडीपासून दूर वळू लागले, तर सावकाश मागे फिरा.