मूत्राशयाचे जुने दुखणे : गोळ्यांआधी वही

लघवीला जळजळ होऊ लागली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात, आणि धने-जिऱ्याचे पाणी, वाळा, सब्जा असे घरचे उपाय दोन-तीन दिवस केले की पुष्कळांना बरे वाटते. ज्यांना बरे वाटत नाही, ज्यांचा त्रास आठवडे आणि महिने टिकतो, मूत्राशय भरत आले की ज्यांच्या ओटीपोटात दाब व वेदना वाढते आणि लघवी झाल्यावर थोडा वेळच उतरते, आणि तरीही ज्यांच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. मी नाशिकची आहे आणि हे दुखणे माझ्यामागे लागून नऊ वर्षे झाली आहेत. या काळात मी अनेक पूरक गोळ्या, चूर्णे आणि सरबते घेतली. त्यांतली बहुतेक चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या पद्धतीने सुरू केली, म्हणून त्यांचा उपयोग झाला की नाही हे मला आजही सांगता येत नाही. तुमच्या बाबतीत तसे होऊ नये एवढ्यासाठी हा प्रपंच.

या आजाराला इंटरस्टिशियल सिस्टायटिस किंवा ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात. मूत्राशयाशी संबंधित वाटणारी वेदना, दाब किंवा अस्वस्थता सहा आठवड्यांहून अधिक काळ राहिली, सोबत वारंवार किंवा घाईने लघवीला जावे लागत असले आणि संसर्ग अथवा दुसरे कोणतेही कारण सापडले नाही, तर हे निदान केले जाते. म्हणजे आधी दुसरी कारणे शोधावी लागतात, आणि ही पायरी गाळून थेट पूरकांकडे वळणे मला धोक्याचे वाटते. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी), सोनोग्राफी आणि लघवी झाल्यावर मूत्राशयात किती लघवी उरते याचे माप एवढे तरी झालेले असावे. लघवीत पूपेशी दिसतात पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत, असे वारंवार होत असेल, तर आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयरोगाचा विचार करावाच लागतो, कारण त्याची लक्षणे या आजारासारखीच असू शकतात. मूतखडा, स्त्रियांमध्ये एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे) आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेटचे विकार यांचीही गल्लत होते. लघवीतून रक्त जात असेल, विशेषतः वय चाळिशीच्या पुढे असेल किंवा तंबाखू, बिडी, सिगारेट यांची सवय असेल, तर मूत्रविकारतज्ज्ञाकडून दुर्बिणीची तपासणी करून घेण्यात दिरंगाई करू नये.

दुर्बिणीच्या तपासणीचा आणखी एक फायदा आहे. काही रुग्णांच्या मूत्राशयात हुनर व्रण आढळतात. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ गाय हुनर यांनी १९१५ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून हे नाव पडले. असे व्रण असतील तर ते जाळता येतात किंवा त्यांत स्टिरॉइडचे इंजेक्शन देता येते, आणि त्याने अनेकांना चांगला आराम पडतो. ज्याला हा उपचार लागू पडला असता, त्याने दोन वर्षे कॅप्सूल गिळण्यात घालवणे हे माझ्या मते मोठेच नुकसान आहे. प्रतिजैविकांबद्दलही एक सांगते. मला पहिल्या वर्षी कल्चर न करताच चार वेळा प्रतिजैविकांचा कोर्स देण्यात आला आणि मीही तो मुकाट्याने घेतला. संसर्ग सिद्ध झालेला नसताना दीर्घकाळ प्रतिजैविके घेणे या आजारात योग्य मानले जात नाही, हे मला फार उशिरा कळले.

आता वहीकडे वळते, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. हे दुखणे एका पातळीवर स्थिर राहत नाही. ते आपोआप वाढते आणि आपोआप ओसरते. आपण मात्र नवी गोळी घेतो ती नेमकी सर्वांत वाईट दिवशी. आठ दिवसांनी दुखणे त्याच्या चालीने उतरते आणि श्रेय त्या गोळीला मिळते. मग दोन महिन्यांनी पुन्हा भडका उडतो, तीच गोळी निरुपयोगी ठरते आणि आपण दुसरी बाटली शोधू लागतो. हे चक्र थांबवायचे असेल तर काहीही नवे सुरू करण्याआधी किमान दोन आठवडे केवळ नोंदी ठेवाव्यात. दर वेळी लघवीला गेल्याची वेळ, रात्री किती वेळा उठावे लागले, दिवसातून दोनदा वेदनेला शून्य ते दहापैकी दिलेला आकडा, खाल्लेले-प्यायलेले पदार्थ, पाळीची तारीख, बद्धकोष्ठता, झोप आणि प्रवास एवढे पुरे. त्यांतले तीन दिवस घरातील जुन्या मापपात्रात लघवीचे मापही घ्यावे. किळस वाटते हे खरे, पण एका वेळी सत्तर मिलिलिटर होते की दोनशे, या एका आकड्यावरून डॉक्टरांना पुष्कळ काही कळते.

वहीचा पहिला उपयोग खाण्यापिण्याच्या बाबतीत होतो, आणि माझा अनुभव असा की पूरकांवर खर्च करण्यापूर्वी येथेच अधिक हाती लागते. चहा, कॉफी, सोडा घातलेली पेये, मद्य, लिंबूवर्गीय फळे, टोमॅटो, तिखट आणि कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ यांनी अनेक रुग्णांचा त्रास वाढतो, मात्र सर्वांचा सर्व पदार्थांनी वाढत नाही. नाशिककराला ही यादी वाचून धसका बसणे स्वाभाविक आहे. येथे रविवारची सकाळ मिसळीने सुरू होते, हिवाळा सरला की घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात, आणि पिंपळगावच्या बाजारामुळे टोमॅटो तर रोजच्या भाजीत असतोच. म्हणून सगळे कायमचे सोडू नये. दोन ते चार आठवडे संशयित पदार्थ पूर्ण बंद ठेवावेत, या काळात ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, मुगाचे वरण, भात, दुधी, तूप, नारळ अशा साध्या जेवणावर राहावे, आणि नंतर दर तीन दिवसांनी एकच पदार्थ परत आणून वहीत काय उमटते ते पाहावे. मिसळीतली तर्री मला बाधते असे मी कित्येक वर्षे धरून चालले होते. वहीत दिसले की तिखट मला बऱ्यापैकी सोसते, बाधते ते वर पिळलेले लिंबू आणि मागोमाग घेतलेला चहा. हिरवी आंबट द्राक्षे मला चालत नाहीत, पूर्ण पिकलेली दहा-बारा चालतात. तुमचे उत्तर वेगळे निघेल, आणि ते तुम्हालाच शोधावे लागेल.

पाण्याबाबत बहुतेक जणी एकच चूक करतात, आणि मी ‘जणी’ म्हणते ते जाणूनबुजून. वणीच्या गडावर जायचे आहे, कसारा घाटातून मुंबईला जायचे आहे, वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही याची खात्री नाही, म्हणून सकाळपासून पाणीच घ्यायचे नाही. त्याने लघवी दाट होते आणि दाट लघवी दुखऱ्या मूत्राशयाला अधिक झोंबते. पाणी थोडे थोडे, दिवसभर विभागून घ्यावे, झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत कमी करावे, आणि प्रवास शक्य असेल तर बसऐवजी रेल्वेने करावा. निर्जळी उपवास या आजारात करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एकादशी पाणी पिऊनही करता येते.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहिल्यानेही दुखणे वाढते. अशा वेळी यूट्यूबवर पाहून कीगलचे आवळण्याचे व्यायाम करू नयेत. ते स्नायू सैल करायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट शोधावा. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, किंवा काहींना थंड पट्टी, हा भडक्याच्या काळातला बिनखर्चाचा उपाय आहे.

एवढे झाल्यावर पूरकांचा विचार करावा. भारतात आरोग्यपूरके अन्नसुरक्षा कायद्याखाली विकली जातात आणि २०१६ च्या नियमांनुसार त्यांच्या वेष्टनावर ती औषधी वापरासाठी नाहीत असे छापावे लागते. म्हणजे औषधाला आपला गुण जसा सिद्ध करावा लागतो तसा या बाटलीने केलेला नसतो, हे कायद्यालाच मान्य आहे. वेष्टनावर चौदा अंकी परवाना क्रमांक, प्रत्येक घटकाचे मिलिग्रॅममधील प्रमाण आणि मुदत पाहावी. ‘विशेष मिश्रण’ असे लिहून घटकांचे वेगवेगळे प्रमाण लपवलेले असेल, तर ती बाटली मी काउंटरवरच परत ठेवते.

घटकांपैकी कॅल्शियम ग्लिसरोफॉस्फेट हे आंबट पदार्थातील आम्लता कमी करण्यासाठी जेवणासोबत घेतले जाते. ज्यांच्या वहीत आंबट खाण्याशी वेदनेचा संबंध स्पष्ट दिसतो त्यांनाच ते आजमावण्यात अर्थ आहे. मूत्राशयाच्या आतील अस्तरावर ग्लायकोसअमिनोग्लायकन नावाच्या पदार्थांचा संरक्षक थर असतो आणि तो विरळ झाल्याने लघवीतील क्षार आत झिरपून वेदना होते, असा एक महत्त्वाचा विचार आहे. काँड्रॉयटिन, ग्लुकोसामाइन आणि हायलुरॉनिक आम्ल यांच्या गोळ्या त्याच विचारावर विकल्या जातात, आणि क्वेर्सेटिन दाह कमी करण्यासाठी त्यांच्या जोडीला घातले जाते. यांवरचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांतल्या अनेकांत तुलनेसाठी बिनऔषधी गोळी घेणारा गट नव्हता. त्यामुळे आशा ठेवावी, भरवसा ठेवू नये. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी काँड्रॉयटिन व ग्लुकोसामाइन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. कोरफडीच्या कॅप्सूल घ्यायच्या असतील तर पानाच्या सालीखालचा पिवळा चीक काढलेल्या असाव्यात, कारण तो तीव्र रेचक असतो.

क्रॅनबेरीविषयी मोठा गैरसमज आहे. वारंवार होणारा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी ती काहींना उपयोगी पडते. पण जेथे संसर्गच नाही तेथे तिचा उपयोग नाही, उलट तिच्या आंबटपणाने आग वाढू शकते. क जीवनसत्त्वाचेही तसेच आहे, आणि ते मल्टिव्हिटॅमिनच्या साध्या गोळीतही असते हे लक्षात राहत नाही. ब-६ जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या नसांना इजा होते. फोडणीतील हळद आणि हळदीचा तीव्र अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; तो अर्क आणि ग्रीन टीचा अर्क यांमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

गोखरू, पुनर्नवा, वरुण, चंद्रप्रभा वटी ही नावे आपल्या घरांत परिचयाची आहेत, आणि आयुर्वेदावर विश्वास असणाऱ्यांनी तो सोडावा असे मी म्हणणार नाही. मात्र नोंदणीकृत वैद्याकडून, निदानाचे कागद दाखवून, परवाना क्रमांक असलेले औषधच घ्यावे. कागदाच्या पुडीतून मिळणारी बिननावाची चूर्णे आणि भस्मे घेऊ नयेत, कारण त्यांत शिसे किंवा पारा असला तरी आपल्याला कळत नाही. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे असे होत नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. लघवीची जळजळ थांबवणारी अल्कलायझर सिरपे मेडिकलमध्ये सहज मिळतात, परंतु त्यांतील सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला आणि पोटॅशियम मूत्रपिंडाच्या रुग्णाला बाधू शकते.

पेन्टोसन पॉलिसल्फेटचा उल्लेख येथे करणे भाग आहे, कारण अनेक जण त्यालाही पूरकच समजतात. ते चिठ्ठीवर घ्यायचे औषध आहे. अमेरिकेत या आजारासाठी त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांच्या डोळ्यांतील दृष्टिपटलावर परिणाम झाल्याचे २०१८ मध्ये पुढे आले आणि २०२० मध्ये तेथे त्याच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालण्यात आला. ते सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने नेत्रतज्ज्ञाकडून पडद्याची तपासणी करून घ्यावी.

प्रत्यक्ष पूरक आजमावायचे ते असे. एका वेळी एकच घ्यावे. मूत्रपिंडाचा, यकृताचा विकार किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांच्या संमतीवाचून सुरूच करू नये. सुरुवात भडक्याच्या दिवशी करू नये, दुखणे नेहमीच्या पातळीवर असेल त्या आठवड्यात करावी, आणि त्या काळात आहारात दुसरा बदल करू नये. आठ ते बारा आठवड्यांची मुदत व खर्चाची मर्यादा आधीच वहीत लिहून ठेवावी. मुदत संपली की सुरुवातीचे दोन आठवडे आणि शेवटचे दोन आठवडे शेजारी ठेवून रात्रीचे उठणे आणि वेदनेचे आकडे पाहावेत. फरक दिसला तरी महिनाभर थांबवून पाहावे. त्रास परत वाढला तरच ते पुन्हा सुरू करावे. पुरळ उठले, मळमळ होऊ लागली, लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसू लागले तर मुदतीची वाट न पाहता त्याच दिवशी बंद करावे. क्वेर्सेटिन मी या पद्धतीने बारा आठवडे घेतले. रात्री आधी तीनदा उठत होते, शेवटीही तीनदाच उठत होते, आणि ते सोडताना मला पहिल्यांदाच कसलीही हुरहुर वाटली नाही.

थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण अडली किंवा लघवीत रक्ताच्या गाठी दिसल्या, तर तो नेहमीचा भडका समजून शेक घेत बसू नये. रात्र असली तरी जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या रुग्णालयात जावे. एरवीच्या भेटीसाठी वहीच्या पहिल्या पानावर सध्याची सर्व औषधे, पूरके आणि काढे, त्यांची मात्रा आणि सुरू केल्याची तारीख एकाखाली एक लिहावी. ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, म्हणून ते पान उघडूनच आत जावे, आणि घरातल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात.