संगीत विनोदी नाटकाची ऑडिशन द्यायची आहे? आधी तुमची पट्टी शोधा

ग्रुपवर मेसेज येतो, "संगीत विनोदी नाटकासाठी कलाकार पाहिजेत, गाता येणाऱ्यांना प्राधान्य, रविवारी सकाळी दहा वाजता या." आणि त्या 'गाता येणाऱ्यांना प्राधान्य'वर सगळं अडतं. जे घरात छान गुणगुणतात ते म्हणतात हे आपलं काम नाही बाप्पा, आणि जे रीतसर शिकलेत ते ताना-आलापांची तयारी करून येतात. मी नागपुरात बरीच वर्षं हौशी नाटकं करून राहिली आहे, आधी कोरसमध्ये होती, मग भूमिका मिळाल्या, आता काही वर्षांपासून ऑडिशनच्या टेबलामागेही बसते, आणि दोन्ही प्रकारची माणसं हातची जाताना बघितली की खरंच वाईट वाटतं. म्हणून जे मला माहीत आहे ते सगळं इथे लिहून ठेवते.

सगळ्यात मोठी गोष्ट आधीच सांगते. विनोदी नाटकातल्या गाण्यात हसू येतं ते शब्दामुळे. शब्द तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला नाही तर तुमचा गळा कितीही गोड असो, लोक हसत नाहीत, नुसते ऐकत बसतात. आम्ही टेबलामागे बसून तेच बघतो की या माणसाचं गाणं कळतं का. सूर थोडा इकडेतिकडे झाला तर दोन महिन्यांच्या तालमीत पेटीवाले तो बसवून घेतात, पण शब्द गिळायची सवय दोन महिन्यांत जात नाही.

आता गाणं कोणतं घ्यायचं. मुखडा आणि एक अंतरा, एवढंच, दीड मिनिटाच्या वर जाऊ नका, कारण तीस-पस्तीस लोकं बाहेर पायऱ्यांवर बसलेली असतात आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच आम्हाला बरंचसं समजलेलं असतं. गाणं असं घ्या की ज्यात कोणी कोणाला काहीतरी सांगून राहिलं आहे, तक्रार करतंय, खोटं बोलतंय, मनवतंय, फुशारकी मारतंय. लावणी, भारूड, गवळण, जुनं विनोदी पद, काहीही चालतं. संथ विरहगीत नको, आणि सध्या रिक्षात-लग्नात सगळीकडे वाजणारं गाणंही नको, कारण ते सुरू झालं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळ आवाज सुरू होतो आणि तुमची तुलना विनाकारण त्याच्याशी होते. काही जणांना वाटतं संगीत आणि विनोद एकत्र ही बाहेरची गोष्ट आहे, तसं अजिबात नाही, १८८२ सालचं 'संगीत सौभद्र' हे मुळात हसवणारंच नाटक, आणि त्यातली पदं गोष्ट पुढे नेतात, मध्येच थांबून नुसता गळा दाखवायला आलेली नाहीत. तुमचं गाणं निवडताना हीच कसोटी लावा.

शब्द पोचतात का हे बघायची माझी घरगुती पद्धत आहे. आई किंवा बायको जे कोणी स्वयंपाकघरात असेल, कुकर लावलेला असू द्या, तुम्ही हॉलमध्ये उभे राहून गा, मोठ्यानं ओरडायचं नाही, नेहमीच्या आवाजात, आणि मग जाऊन विचारा की मी काय म्हटलं. "काहीतरी लग्नाचं होतं ना?" असं उत्तर आलं तर अजून काम आहे. पूर्ण ओळ परत सांगितली तर गाणं तयार. बहुतेक वेळा गडबड ओळीच्या शेवटी होते, श्वास संपतो आणि शेवटचा शब्द विरतो, आणि विनोदी गाण्यात नेमका शेवटचाच शब्द महत्त्वाचा असतो. श्वास त्या शब्दाच्या आधी घ्या, मधे नका घेऊ, आणि वहीत गाणं उतरवून श्वासाच्या जागी चक्क फुली मारा.

मग पट्टी, म्हणजे तुमचा सा पेटीच्या कोणत्या सुरावर धरायचा ते. हे मी जरा लांबवणार आहे कारण माझी पहिली ऑडिशन यातच गेली. धरमपेठेत एका शाळेचा वर्ग होता, छोट्या मुलांचे बाक भिंतीला लावलेले, पेटीवाले काका खिडकीजवळ. त्यांनी विचारलं, "पट्टी कोणती, बाई?" मी म्हटलं, कोणतीही चालेल. माझ्या आधी दोन पुरुष गाऊन गेले होते म्हणून त्यांनी काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी, तशीच ठेवली. मुखड्याची पहिली ओळ ठीक गेली, दुसरी ओळ खाली जाते, तिथे आवाज घशातच राहिला, मग मी घाबरून मधेच वरच्या सप्तकात उडी मारली आणि अंतरा आला तेव्हा तिथे पोचायला जागाच उरली नाही. काकांनी पेटी थांबवली, खूप मायेनं म्हणाले, "पुढच्या वेळी पट्टी लिहून आणजो." त्या दिवसापासून मी प्रत्येकाला हेच सांगते.

पट्टी शोधणं कठीण नाही. फोनवर तानपुऱ्याचं ॲप घ्या. पुरुष असाल तर काळी एक, काळी दोनच्या आसपास सुरू करा, बाई असाल तर पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार इथे बघा, पण हा फक्त अंदाज आहे, प्रत्येक गळा वेगळा. मग पूर्ण गाणं म्हणा आणि दोनच जागा तपासा, सगळ्यात खालचा सूर शब्दासकट ऐकू येतो का आणि सगळ्यात वरचा सूर न ओरडता लागतो का. दोन्ही जमलं की ती तुमची पट्टी, त्या गाण्यापुरती, दुसऱ्या गाण्याला वेगळी असू शकते. आणि हे रात्री करू नका. सकाळी आवाज जड असतो, ऑडिशन दहाला असेल तर सकाळी नऊला जी पट्टी जमते तीच खरी. कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, 'पांढरी पाच, केहरवा', आणि तो कागद पेटीवाल्यांच्या हातात द्या. वादकांना इतकं बरं वाटतं ना त्यानं.

ताल तर माहीत असायलाच हवा. केहरव्याच्या आठ मात्रा, दादऱ्याच्या सहा, हातावर टाळी देऊन म्हणता आल्या पाहिजेत, कारण गमतीचा शब्द पुष्कळदा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडतो किंवा मुद्दाम सम सोडून पडतो, आणि सम कुठे आहे हेच माहीत नसेल तर दोन्ही फसतं. कराओके ट्रॅकवर गायचं असेल तर तो तुमच्या पट्टीत करून फोनमध्ये डाउनलोड करून आणा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. पण तिथे पेटी-तबला असेल तर मी म्हणेन त्यांच्यासोबतच गा. तुम्ही चुकलात तर माणूस सांभाळून घेतो, ट्रॅक पुढे निघून जातो.

गाताना कोणाकडे बघायचं हा प्रश्न सगळे विचारतात. दिग्दर्शकाच्या डोळ्यात नका बघू, त्याला लिहायचं असतं. त्याच्या डोक्याच्या थोडं वर, मागच्या भिंतीवर एक जागा पकडा आणि ठरवा की तिथे तुमची सासू उभी आहे, किंवा उधारी मागायला आलेला किराणावाला. एवढं ठरवलं तरी हात आपोआप बरोबर जागी जातात, वेगळे हावभाव बसवावे लागत नाहीत.

आता वाचन. हातात कागद देतात, दोन मिनिटं बघायला मिळतात, आणि समोर दुसरा कोणीतरी वाचायला. समजा असा तुकडा आला, एक बाई विचारते आणि माणूस उत्तर देतो:

– कुलरमध्ये पाणी टाकलं का?
– टाकलं.
– मग हवा गरम काहून येऊन राहिली?
– पाणी गरम होतं.

दहापैकी आठ जण चौथी ओळ हसवायला म्हणतात, आवाज बदलून, मान हलवून, आणि ती तिथेच मरते. त्या माणसाला स्वतःचं उत्तर अगदी बरोबर वाटतं, मे महिन्यात टाकीतलं पाणी गरमच असतं ना, तो सरळ माहिती देऊन राहिला आहे. तशी म्हणा. आणि म्हणून झाल्यावर तसेच उभे राहा, चेहरा हलवू नका, कारण हसू तुमच्या ओळीवर येत नाही, समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर येतं आणि तिला तेवढा वेळ द्यावा लागतो. टेबलावरचं कोणी हसलं तर थांबा, हसू उतरायला लागलं की पुढची ओळ उचला, पूर्ण शांत व्हायची वाट बघू नका. कोणीच हसलं नाही तरी ठीक आहे, सकाळपासून तो तुकडा आम्ही वीस वेळा ऐकलेला असतो, ते मनावर घेऊ नका. तुम्ही पहिली किंवा तिसरी ओळ वाचत असाल तरी समजू नका की तुमचं काम कमी आहे. समोरचा बोलत असताना तुम्ही ऐकताय की कागदात पुढची ओळ शोधताय, हे लगेच दिसतं.

भाषेचं एक सांगते. नागपुरी विनोदी नाटक म्हटलं की लोकं घरात कधी बोलत नाहीत असं मले-तुले लावून येतात, 'डोळा'चा 'डोया' करतात आणि मधेच प्रमाण भाषेत घसरतात. कागदावर जशी आहे तशी वाचा. वऱ्हाडी हवी असेल तर ते सांगतील, आणि तुमच्या आजीची बोली तुमच्या कानात असेल तर ती आणा, ती सोन्यासारखी आहे. नसेल तर तालमीत येते, खोटी आणू नका.

सराव कुठे करायचा म्हणाल तर आपल्या गावासारखी सोय दुसरीकडे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे वाईट गोष्टींच्या पुतळ्यांची मिरवणूक, त्यातल्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषी पुतळ्यांवर काय काय लिहिलेलं असतं आणि पोट्टे कसे ओरडतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" तीच लय घ्या आणि रोज एक विषय, खोदलेला रस्ता, वाढलेलं वीजबिल, वरच्या मजल्यावरचे पाहुणे, त्याच्यावर दोन ओळी जोडून पूर्ण श्वासात म्हणा. आवाज पोटातून येतो, ताल बसतो आणि डोकं झटपट चालायला लागतं, कारण काही दिग्दर्शक ऑडिशनमध्ये आयत्या वेळी असंच काहीतरी करायला सांगतात. आणि दिवाळीनंतर जमलं तर झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गडचिरोली-चंद्रपूरकडचं, एखादं नाटक बघून या. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटक कंपन्यांचं माहेरघर आहे, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्र-रात्रभर प्रयोग चालतात, आणि तिथला विनोदी नट हजारोंच्या गर्दीत कडाक्याच्या थंडीत एका ओळीवर कसा थांबतो आणि तिथून गाण्यात कसा शिरतो हे बघितलं की मी वर लिहिलेलं अर्धं समजून जाईल.

नाच येत नाही म्हणून घाबरू नका. साधारण चार-आठ स्टेप दाखवतात आणि सगळ्यांकडून एकत्र करून घेतात. पाय चुकला तर तोंडाकडे हात नेऊ नका, जीभ बाहेर काढू नका, पुढच्या मात्रेवर परत जुळवून घ्या, आम्हाला तेच बघायचं असतं. सपाट चप्पल-बूट घाला, ज्यात पाय घसरणार नाही. साडी नेसायची तर घरी नेसून दोनदा नाचून बघा.

त्या दिवशी सकाळी तर्री पोहे नकोत. मला माहीत आहे रविवार आहे आणि रस्त्यात टपरी आहे, पण तिखट आणि तेल घशाला धरतं, ऑडिशन झाल्यावर दोन प्लेट खा. घरून साधं काहीतरी खाऊन निघा, उपाशी पोटी श्वास टिकत नाही. निघायच्या आधी दहा मिनिटं खालचा सा लावून बसा, मग हळूहळू वर या. उन्हाळ्यात ऑडिशन असेल तर पंचेचाळीस डिग्रीतून आल्या आल्या थंडगार रस पिऊन एसी हॉलमध्ये शिरू नका, आवाज बसू शकतो. माठातलं पाणी प्या, थोडं थोडं.

फॉर्म भरताना तारखा खऱ्या लिहा. हे मी हात जोडून सांगते. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येते, तालमी त्याच्या दोन-अडीच महिने आधीपासून, ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी साडेसात ते दहा, आणि नेमकं तेव्हाच दिवाळी, लग्नं आणि पोरांच्या परीक्षा. मिहानमधल्या कंपनीत नाइट शिफ्ट असेल तर लिहा. भावाचं लग्न असेल तर तारीख लिहा. दिग्दर्शक त्याप्रमाणे सीन लावतो. एकदा आमच्या मुख्य गाण्यातल्या मुलानं सगळं 'चालेल' लिहिलं आणि प्रयोगाच्या नऊ दिवस आधी सांगितलं की त्याला बाहेरगावी जावं लागतंय, आम्ही नऊ रात्री जागून दुसऱ्याला उभं केलं, आणि त्या दुसऱ्या मुलानं जे केलं ते आठवून अजून माझे डोळे भरून येतात. तो कोरसमध्ये होता. त्याला सगळ्यांची गाणी पाठ होती, कारण रोज ऐकत होता.

म्हणून फोन आला आणि म्हणाले की भूमिका नाही पण कोरसमध्ये या, तर जा. संगीत नाटकात कोरसवाले पुष्कळदा बराच वेळ स्टेजवर असतात, सूर धरायला, तालात चालायला आणि दुसऱ्याच्या विनोदावर खरं हसायला तिथे जेवढं शिकायला मिळतं तेवढं कुठे नाही. फोन नाही आला तर आठवड्यानं एक मेसेज टाका, मी बॅकस्टेजला येऊ का म्हणून, रंगभूषा, प्रॉप्स, प्रॉम्प्टिंग, कुठेतरी हात लागतोच आणि पुढच्या वर्षी ऑडिशनला तुम्हाला सगळे नावानं ओळखतात.

पहिल्या तालमीला येताना पाण्याची बाटली आणि पेन्सिल आणा. पेन नको, संवाद रोज बदलतात.