गरोदरपणात योगा: ताण उतरवायचा तरी कसा

आधी एक गैरसमज काढून टाकते. योगा केला की कॉर्टिसोल धाडकन खाली येतं असं कुणी सांगितलं असेल तर ते अर्धंच खरं आहे. कॉर्टिसोल म्हणजे ताणाचं हार्मोन, आणि ते गरोदरपणात वाढतंच, शेवटच्या तीन महिन्यांत तर आधीच्या दुप्पट-तिप्पट होतं, कारण कॉर्टिसोल वाढवणारं, एरवी मेंदूतून सुटणारं सीआरएच नावाचं हार्मोन या काळात वारसुद्धा म्हणजे प्लासेंटासुद्धा भरपूर बनवते. ते कॉर्टिसोल लागतंही, बाळाची फुफ्फुसं तयार व्हायला. शिवाय वारेत एक एन्झाइम असतं, ते आईचं बरंचसं कॉर्टिसोल बाळापर्यंत पोचायच्या आत निकामी करतं. तेव्हा एक दिवस चिडचिड झाली, रडू आलं, आता बाळाचं काय होईल, हे वरचं टेन्शन तरी घेऊ नका.

मग योगा कशाला करायचा? तर ताण आला की ठोके वाढतात, श्वास छातीत वरच्यावर चालतो, खांदे कानाला टेकतात, हे होणारच. पण त्यातून शरीर किती लवकर जागेवर येतं ते थोडंफार आपल्या हातात असतं, आणि ती किल्ली म्हणजे सोडलेला श्वास. आत्ता करून बघा, मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या-सोडा. घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांब जातात, कारण सोडताना व्हेगस नर्व्हचा, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या एका नसेचा, ब्रेक लागतो. सगळ्यांना बोटाला कळेलच असं नाही, नाही कळलं तरी काम चालूच असतं.

२०१४ मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास आला होता, ५९ पहिलटकरणींचा. त्यात योगाच्या एकाच सेशननंतर बायकांनी सांगितलेली चिंता साधारण एक तृतीयांशाने आणि कॉर्टिसोल १४ टक्क्यांनी कमी झालं होतं. माझ्या मते यातून घ्यायचं ते एवढंच की फरक त्याच दिवशी पडतो, पण तो त्या दिवसापुरता असतो, म्हणून रविवारी दीड तास घाम गाळण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी.

सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा. वार खाली असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, बीपी वाढलेलं असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे वाचून आपल्या मनाने काही सुरू करू नका.

पहिली पाच मिनिटं नुसतं बसा. भिंतीला पाठ, बुडाखाली उशी. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सोडा, मध्ये रोखायचा नाही. सहा जमत नसेल तर तीन मोजत घ्या, चार मोजत सोडा. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे या काळात श्वास तसाही जास्त घेतला जातो आणि बसल्या जागी धाप लागल्यासारखं वाटतं, त्यामुळे आकड्यांशी कुस्ती खेळू नका, सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांब असलं की झालं. मी पाचव्या महिन्यात एक नेहमीचा व्हिडिओ लावून जोशात कपालभाती सुरू केली होती आणि दोन मिनिटांत डोळ्यापुढे अंधारी, तेव्हा कपालभाती, भस्त्रिका, कुंभक म्हणजे श्वास रोखणं, हे सगळं बाळंतपणानंतर. भ्रामरी मात्र छान, गुणगुणताना श्वास आपोआपच लांब सुटतो.

मग मार्जारासन, हात-गुडघ्यांवर. श्वास सोडताना पाठ वर गोल, घेताना सपाट, पोट खाली लोंबू द्यायचं नाही, असं आठ-दहा वेळा. कंबरेला जो आराम मिळतो ना, तो वेगळाच. मग बद्धकोनासन, म्हणजे बसून तळपाय एकमेकांना जुळवायचे, मांड्यांखाली उशा घेऊन. ताणू नका फार, रिलॅक्सिन नावाच्या हार्मोनमुळे सांध्यांचे लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारे पट्टे, आधीच सैल झालेले असतात, आज सहज गेलं म्हणून आणखी दाबलं की उद्या जांघेत कळ. उभ्याने काही करायचं तर भिंत किंवा खुर्ची हाताशी हवीच. पोटावर झोपणं, खोल पीळ, गरम खोलीतला योगा नको.

शेवटचं शवासन कधीच गाळू नका, मला तर बाकी सगळं त्याचीच तयारी वाटते. फक्त वीसाव्या आठवड्यानंतर ते कुशीवर करायचं, कारण उताणं फार वेळ पडलं की गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर येतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि गरगरतं. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये एक जाड उशी, पोटाखाली एक पातळ, निदान सात-आठ मिनिटं. झोप लागली तर लागू द्या. उठताना आधी हाताचा आधार घेऊन बसा, मग उभ्या राहा.

करताना शेजारी कुणी असेल तर गप्पा मारता आल्या पाहिजेत, हाच स्पीडोमीटर. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, छातीत दुखलं, डोकं जोरात दुखायला लागलं, चक्कर आली, पोट ठरावीक वेळाने आवळायला लागलं किंवा एकाच पिंढरीत दुखून सूज आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना फोन करा.

आणि हे फक्त मॅटवर ठेवू नका. सोनोग्राफीच्या बाहेर नंबर यायची वाट बघताना, रात्री तीनला जाग येऊन डोकं भलतंच काही विचार करायला लागलं की तोच चार-सहाचा श्वास, दहा वेळा. पुढे कळा सुरू झाल्यावर आसनं कुणाला आठवत नाहीत, लांब श्वास सोडायची सवय मात्र अंगात मुरलेली असते, म्हणून शेवटच्या महिन्यात वेळ कमी पडला तर आसनं गाळा, श्वास गाळू नका.