मानव्यविद्या आणि अभियांत्रिकी यांना जोडणारा संशोधनविषय कसा निवडावा आणि कसा पुढे न्यावा

गोव्यात पदव्युत्तर शिक्षण संपवून संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला मोठ्या राज्यांत सहसा न मिळणारी एक सोय आहे. ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठ, दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, पणजीतील पुराभिलेखागार, पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय, पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्र आणि फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय ही सगळी ठिकाणे एकमेकांपासून तासाभराच्या अंतरात आहेत. तरीही इतिहासाचा विद्यार्थी फर्मागुढीला जात नाही आणि स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी पुराभिलेखागाराची पायरी चढत नाही, कारण विषय निवडताना दोघेही आपल्या विभागात आधी काय झाले आहे एवढेच पाहतात. दोन्ही विद्याशाखांना खरोखर जोडणारा विषय कसा शोधावा आणि तो शेवटास कसा न्यावा, हे येथे खाजन जमिनींच्या, म्हणजे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनींच्या, उदाहरणाने सांगितले आहे.

आधी पुरावा ओळखावा

मानव्यविद्या म्हणजे एक पद्धत आणि अभियांत्रिकी म्हणजे दुसरी, असे समजून सुरुवात करू नये. तत्त्वज्ञानाच्या संशोधकाला आकडेवारी लागत नाही; त्याच्या युक्तिवादात फट नसली म्हणजे झाले. पाठचिकित्सा करणारा एकाच ग्रंथाच्या हस्तलिखितांतील पाठभेद शब्दागणिक ताडून पाहतो. लोकजीवनाचा अभ्यासक एखाद्या गावात वर्ष-वर्ष राहतो आणि लोक काय बोलतात यापेक्षा ते काय करतात याची नोंद ठेवतो. अभियांत्रिकीतही असाच भेद आहे. स्थापत्याचा संशोधक नमुना मोडेपर्यंत त्यावर भार देतो, तर संगणकाचा संशोधक आपल्याजवळच्या सामग्रीचे दोन भाग करून एकावर प्रणालीला शिकवतो आणि दुसऱ्यावर तिची परीक्षा घेतो. माझ्या मते पाठचिकित्सक आणि भाषेवर काम करणारा संगणकतज्ज्ञ हे स्वभावाने एकमेकांना जितके जवळचे आहेत, तितके पाठचिकित्सक आणि लोकजीवनाचा अभ्यासक नाहीत. विद्याशाखेच्या नावाकडे न पाहता, एखादी गोष्ट सिद्ध झाली असे तिथले लोक केव्हा मानतात हे पाहावे.

यासाठी एक सोपा अभ्यास आहे. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात मोफत वाचता येतात. तिथून इतिहास, समाजशास्त्र, जलसंपदा अभियांत्रिकी आणि संगणक अभियांत्रिकी यांचा प्रत्येकी एक प्रबंध घ्यावा आणि सगळा न वाचता फक्त प्रस्तावना, पद्धतीचे प्रकरण आणि निष्कर्ष वाचावेत. प्रत्येकाविषयी तीनच गोष्टी लिहून काढाव्यात: प्रश्न कोणता होता, पुरावा म्हणून काय मांडले, आणि आपल्या निष्कर्षाची मर्यादा संशोधकाने स्वतः कुठे सांगितली. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त शिकवते. अभियंता मर्यादा सांगतो ती मापनातील त्रुटीच्या रूपाने. इतिहासकार सांगतो ती कागद कोणी, कोणासाठी आणि का लिहिला या चर्चेतून.

विभागापासून नव्हे, वस्तूपासून सुरुवात

यानंतर समोर एखादी मूर्त वस्तू ठेवावी. मांडवी आणि झुआरीच्या काठची खाजने यासाठी उत्तम आहेत. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर जमीन खाजन म्हणून ओळखली जाते. दिवाडी, चोडण किंवा नेवरा-मंडूर परिसरात गेले की ती डोळ्यांसमोरच असते: खाडीचे पाणी अडवणारा मातीचा बांध, बांधात बसवलेली मानस (पाणी आत-बाहेर सोडणारे झडपांचे दार), तिच्या आतल्या बाजूला पाणी साठणारी पोंय, पलीकडे खारे पाणी सोसणाऱ्या कोरगुट भाताची शेते आणि काही ठिकाणी मिठागरे.

मानशीचे काम नीट पाहण्यासारखे आहे. तिच्या लाकडी झडपा वरच्या बाजूला टांगलेल्या असतात. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याचा दाब झडपांना चौकटीवर घट्ट बसवतो आणि खारे पाणी आत येत नाही. ओहोटीला आतली पातळी वरचढ झाली की तोच दाब उलटतो, झडपा उघडतात आणि पावसाचे पाणी खाडीत निघून जाते. ओहोटीच्या या प्रवाहात जाळे लावून मासे पकडले जातात, आणि त्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो. म्हणजे एकाच लाकडी चौकटीत जलगतिकी आहे, मृदाशास्त्र आहे, गावाचा जमाखर्च आहे आणि हक्कांचे भांडणही आहे.

आता कागदावर प्रत्येक विद्याशाखेचे प्रश्न वेगवेगळे लिहावेत. जलअभियंता विचारेल की उधाणाच्या वेळी मुसळधार पाऊस झाला तर एवढ्या रुंदीच्या मानशीतून पाणी किती तासांत निघेल. मृदाशास्त्रज्ञाला पहिल्या पावसाने मातीतील मीठ किती खोलीपर्यंत धुतले जाते हे हवे असेल. इतिहासकार १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने गावकरीच्या, म्हणजे गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या संस्थेच्या, रूढी नोंदवून तयार केलेल्या सनदेपासून सुरुवात करील आणि बांधाची जबाबदारी कोणावर होती हे शोधील. कायद्याचा अभ्यासक १९६४ च्या कूळ कायद्याकडे, तसेच खाजनांच्या नकाशांकनाची आणि रक्षणाची तरतूद करणाऱ्या २०११ च्या किनारी क्षेत्र अधिसूचनेकडे वळेल.

हे सगळे प्रश्न चांगले आहेत. पण यांतला कोणताही एक उचलला तर प्रबंध एकाच विभागाचा होतो, आणि सगळे उचलले तर प्रबंध होतच नाही. शोधायचा असतो तो सांधा, म्हणजे एका बाजूचे उत्तर हाती आल्याशिवाय दुसऱ्या बाजूला पुढे जाता येणार नाही असा प्रश्न. उदाहरणार्थ: देखभालीची जबाबदारी कोमुनिदादीकडून (गावकरीचेच पोर्तुगीज नाव) कुळांच्या संघाकडे गेल्यानंतर अमुक एका गावात बांध फुटण्याच्या घटना वाढल्या का, आणि वाढल्या असतील तर त्याचे कारण दुरुस्तीतील दिरंगाई, बार्जांच्या लाटांनी झालेली झीज आणि बदललेला पाऊस यांपैकी कशात अधिक आहे? केवळ दप्तर चाळून याचे उत्तर मिळत नाही, कारण बांधावर किती दाब येत होता हे दप्तर सांगत नाही. केवळ गणितानेही मिळत नाही, कारण दुरुस्ती केव्हा झाली आणि केव्हा राहिली हे गणिताला ठाऊक नसते.

सांधा खरा आहे की नुसता चिकटवलेला, याची कसोटी सोपी आहे. आराखड्यातून एका विद्याशाखेचे प्रकरण काढून टाकावे. निष्कर्ष जसाच्या तसा उभा राहत असेल, तर ते प्रकरण शोभेचे होते. जुन्या मजकुरातील शब्द संगणकाने मोजून त्यांचे रंगीत चित्र छापले म्हणजे ती अंकीय मानव्यविद्या होत नाही. त्याचप्रमाणे पुलाच्या आराखड्याआधी दोन पाने स्थानिक इतिहास जोडला म्हणून तो प्रबंध सामाजिक ठरत नाही.

खरा सांधा कसा असतो हे पाहायचे तर गोमंतकातच १९०७ साली कोसबें येथे जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाण्यांवरील काम पाहावे. ते व्यवसायाने गणितज्ञ होते. तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांतील आहत (ठसे ठोकून खुणा उमटवलेली) नाणी त्यांनी अत्यंत काटेकोर तराजूवर एकेक करून तोलली. नाणे हातोहाती फिरले की झिजते. मागच्या बाजूवरील खुणांची संख्या जशी वाढत जाते तशी त्या गटाचे सरासरी वजन घटत जाते आणि वजनांतील विखुरणही वाढते, असे त्यांना आढळले. त्यावरून कोणता गट अधिक काळ चलनात होता याचा क्रम लावता आला. इथे संख्याशास्त्र काढले तर कालक्रम कोसळतो, आणि नाण्यांवरील चिन्हांचे ज्ञान काढले तर वजनांना अर्थ उरत नाही.

दप्तर आणि बांध

पुराभिलेखागारात जाण्यापूर्वी भाषेची तयारी हवी. कोमुनिदादींचे कागद बव्हंशी पोर्तुगीजमध्ये आहेत आणि काही कागदपत्रे मराठीत, मोडी लिपीत आहेत. पोर्तुगीज शिकण्याची सोय विद्यापीठात आणि पणजीतील संस्थांत आहे. निदान जमाखर्चाच्या नोंदी वाचण्यापुरती ती भाषा पहिल्या वर्षातच आत्मसात करावी. अभियांत्रिकीचा विद्यार्थी ‘मी भाषांतर करून घेईन’ असे म्हणतो, पण कोणते पान भाषांतरासाठी द्यायचे हे ठरवण्यासाठीच भाषा लागते. प्रत्येक नोंदीसोबत ग्रंथाचा क्रमांक, पानाचा क्रमांक, तारीख आणि कोणी कोणाला लिहिले हे त्याच वेळी उतरवावे. फक्त शिसपेन्सिल वापरावी. खंडी-कुडवांची मापे आणि अशरफींतील रकमा मूळ रूपात लिहाव्यात आणि त्यांचे आजच्या परिमाणांतील रूपांतर वेगळ्या स्तंभात ठेवावे, म्हणजे उद्या रूपांतराचा आधार बदलला तरी मूळ नोंद शाबूत राहील.

या कागदांत गावकार, म्हणजे कोमुनिदादीचे सभासद, दिसतात; बांधावर चिखल चढवणारे मजूर आणि लावणी करणाऱ्या बायका जवळजवळ दिसत नाहीत. त्यासाठी मुलाखती घ्याव्या लागतात. मानशीची राखण करणाऱ्या माणसाशी त्याच्या घरी बसून बोलण्यापेक्षा मानशीवर, शक्यतो ओहोटी लागताना बोलावे, कारण झडप हलली की त्याला आपोआप शंभर गोष्टी आठवतात. त्याची लेखी संमती घ्यावी, ध्वनिमुद्रण करावे आणि तो कोकणीत जे बोलला ते कोकणीतच उतरवून घ्यावे. मराठी किंवा इंग्रजी रूप नंतर तयार करावे. बांध कोणत्या वर्षी फुटला हे त्याला सांगता येत नसेल, तर गोवामुक्तीच्या आधी की नंतर, घरातल्या कोणत्या लग्नाच्या वर्षी, असे विचारावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असते, अभियंत्याला ते शिकून घ्यावे लागते.

मोजणीच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. भरतीचे एक चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते, त्यामुळे रोज सकाळी दहा वाजता पातळी मोजणाऱ्याला रोज वेगळ्याच टप्प्यावरचे पाणी मिळते आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. मानशीच्या दोन्ही बाजूंना पातळी नोंदवणारी उपकरणे लावून दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्यावी, आणि उधाण (मोठी भरती) व भांग (लहान भरती) दोन्ही सापडतील अशा रीतीने ती किमान पंधरा दिवस, शक्य तर महिनाभर चालू ठेवावी. दोन्ही उपकरणांची उंची एकाच संदर्भबिंदूला जोडलेली नसेल तर आतल्या आणि बाहेरच्या पातळीची तुलना निरर्थक ठरते. त्यामुळे तलेक्षण, म्हणजे जागांच्या उंचीची मोजणी, आधी करावे. मातीच्या क्षारतेसाठी नमुने तीन वेळा घ्यावेत: पावसाआधी मेच्या अखेरीस, पाऊस स्थिरावल्यावर, आणि कापणीनंतर. संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता दर मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर गेली की माती क्षारयुक्त मानली जाते. या एका आकड्याने कोणते शेत अजून खाजन म्हणून जिवंत आहे आणि कोणते मिठाखाली गेले, याचा पहिला अंदाज येतो. जमीन खारफुटीखाली केव्हा गेली हे पाहण्यासाठी १९७२ पासूनची लँडसॅट उपग्रहांची चित्रे आणि २०१५ पासूनची सेंटिनेल-२ ची दहा मीटर तपशिलाची चित्रे मोफत मिळतात.

दोन्ही प्रकारची सामग्री एका कालपटावर आणणे हा सगळ्यांत कठीण टप्पा आहे आणि त्याला आराखड्यात भरपूर वेळ ठेवावा. दप्तरातील तारीख दिवसाची असते, मुलाखतीतील आठवण दशकाची असते आणि उपकरणाची नोंद मिनिटाची असते. मिनिटाची अचूकता आहे म्हणून उपकरणाला वरचे स्थान देऊ नये. ते गेल्या चाळीस वर्षांबद्दल काहीच बोलत नाही. प्रत्येक घटनेपुढे ती कोणत्या साधनांतून कळली आणि किती कालखंडापर्यंत निश्चित आहे हे लिहिले, तर फुटलेल्या बांधांची अशी यादी तयार होते की जिच्यावर इतिहासकार आणि अभियंता दोघेही विश्वास ठेवू शकतात.

नोंदणी, मार्गदर्शक आणि लेखन

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत आहे, किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि आंतरविद्याशाखीय विषयासाठी विभागाबाहेरचा, अगदी दुसऱ्या विद्यापीठातलाही, सहमार्गदर्शक नेमता येतो. या तरतुदीचा उपयोग नोंदणीच्या वेळीच करावा. दुसऱ्या वर्षी कोणीतरी मदत करील अशा आशेवर राहिलेले विषय हळूहळू एका विभागात आटत जातात. सहमार्गदर्शकाला भेटताना जाड आराखडा नेऊ नये. एक पान पुरे: वस्तू कोणती, सांध्याचा प्रश्न कोणता, त्यांच्या विद्याशाखेतून नेमकी कोणती मदत हवी आणि त्यांच्या विद्याशाखेला त्यातून नवे काय मिळेल. या शेवटच्या ओळीवर सर्वाधिक विचार करावा. व्यस्त प्राध्यापक तिच्यामुळेच होकार देतात.

प्रबंध लिहिताना पद्धतीचे प्रकरण दोन वाचकांसाठी असते. कोमुनिदाद म्हणजे काय हे अभियंत्याला आणि प्रवाहगुणांक म्हणजे काय हे इतिहासकाराला कळेल इतके स्पष्टीकरण हवे, आणि ते तळटिपांत न ढकलता मजकुरातच यावे. परीक्षक दोन विद्याशाखांचे असतील याची विभागाला आधीच लेखी विनंती करावी.

शेवटी, मुलाखती देणाऱ्यांना आणि कोमुनिदादीच्या कार्यालयाला दहा-बारा पानांचा वृत्तांत मराठीत किंवा कोकणीत द्यावा. त्यात तक्ता एकच पुरे: गावातील प्रत्येक मानस, तिची रुंदी, उंबऱ्याची उंची, शेवटची दुरुस्ती आणि आजची स्थिती. पुढच्या पावसाळ्याआधी कोणती झडप बदलायची हे ठरवताना गावाला तोच लागेल.