मुलांना विजेपासून बचाव कसा शिकवावा: शिक्षकांसाठी मार्गदर्शन

महाराष्ट्रात विजा पडण्याचे प्रमाण दोन काळांत वाढते. पहिला काळ एप्रिलपासून जूनच्या पूर्वार्धापर्यंत, म्हणजे वळवाच्या पावसाचा. दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीच्या पावसाचा. यांपैकी पहिला काळ बहुतांशी उन्हाळी सुट्टीत येत असल्यामुळे जून महिन्यात शाळा उघडल्यावर हा विषय शिकवायला घेणे म्हणजे वरातीमागून घोडे ठरते. मुले त्या दिवसांत वर्गात नसतात; ती आमराईत, शेतात, गुरांमागे किंवा मामाच्या गावी असतात. म्हणून हा पाठ मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावा आणि गणपतीच्या सुमारास त्याची एकदा उजळणी करावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटना मुख्यतः ग्रामीण भागात आणि उघड्यावर काम करणाऱ्यांबाबत घडतात, त्यामुळे पाठाचा रोख शाळेच्या इमारतीपेक्षा शिवाराकडे असायला हवा.

लहान मुलांना नियम एकच द्यावा: गडगडाट ऐकू आला की खेळ, काम, गप्पा सोडून पक्क्या घरात जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबायचे. डोक्यावर ऊन आहे किंवा पावसाचा थेंबही पडलेला नाही, या गोष्टी विचारात घ्यायच्या नाहीत. वीज ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर दूरवरही पडू शकते आणि गडगडाटाचा आवाजही साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत पोहोचतो, म्हणजे ज्याला आवाज ऐकू आला तो विजेच्या टप्प्यात आलेला असतो. हे कारण सांगितले की नियम मुलांच्या लक्षात राहतो.

पाचवीपासून पुढच्या वर्गांना अंतर मोजायला शिकवता येते. एका मुलाच्या हातात विजेरी आणि दुसऱ्याच्या हातात थाळी द्यावी. पहिल्याने विजेरी चमकवावी, दुसऱ्याने नऊ सेकंदांनी थाळी वाजवावी आणि वर्गाने मधले सेकंद मोजावेत. ध्वनीला एक किलोमीटर जायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणून नऊ सेकंद म्हणजे तीन किलोमीटर, हा भागाकार मुले चटकन करतात. विज्ञानाचा तास म्हणून हा प्रयोग उत्तम आहे. मात्र पहिली ते चौथीच्या मुलांना तो न शिकवलेलाच बरा, कारण "अजून वीस आकडे झाले, वीज लांब आहे" असा हिशेब करून ती खेळत राहतात. मोठ्या मुलांनाही बजावून सांगावे की चमक आणि आवाज यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर धोका जवळ आहे, आणि अंतर तीसपेक्षा जास्त निघाले म्हणून बाहेर थांबण्याची मुभा मिळत नाही.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा असून त्याला पूर्ण एक तास द्यावा. प्रत्येक मुलाला घर, शाळा, शेत आणि रोजची वाट दाखवणारा नकाशा काढायला सांगावा. त्यावर सुरक्षित जागा हिरव्या रंगाने आणि टाळायच्या जागा लाल रंगाने दाखवाव्यात. स्लॅबचे किंवा पक्क्या भिंतींचे घर, शाळेची खोली, ग्रामपंचायतीचे कार्यालय आणि काचा बंद केलेली एसटी किंवा जीप या जागा हिरव्या होतील. गाडीत बचाव होतो तो तिच्या धातूच्या बंद सांगाड्यामुळे. रबरी टायरांचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणून ट्रॅक्टर आणि मोटारसायकल लाल रंगातच राहतील. एकटे उभे झाड, विजेचा खांब, तारेचे कुंपण, तळे, विहीर, हातपंप आणि बाजूंनी उघडी शेड यांनाही लाल रंग द्यावा. देवळाचा उघडा सभामंडप आणि बसथांबा यांवर वर्गात हमखास वाद होतो. पाऊस अडतो तिथे वीजही अडते, असे मुलांनी गृहीत धरलेले असते. हा वाद मुद्दाम होऊ द्यावा. नकाशा पुरा झाला की एकेकाला प्रश्न विचारावा: "तू भुईमुगाच्या रानात आहेस, आवाज आला, कुठे जाशील आणि किती वेळ लागेल?" ज्या मुलाच्या वाटेवर दहा मिनिटांच्या आत एकही हिरवी जागा नाही, त्याने आभाळ भरून येताच, म्हणजे आवाजाची वाट न पाहता निघायला हवे, हे त्याला स्वतंत्रपणे समजावून द्यावे.

झाडाखाली उभे राहू नये, हे मुलांनी ऐकलेले असते, पण कारण ठाऊक नसते. वीज झाडावर पडली की तिचा काही भाग शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे उडी घेतो आणि उरलेला मुळांतून जमिनीत पसरतो. जमिनीवर दोन पाय एकमेकांपासून जितके दूर, तितका त्यांच्यातील विद्युतदाबाचा फरक मोठा, आणि तेवढाच अधिक प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. झाडाखाली बांधलेल्या म्हशी आणि बैल एकाच वेळी दगावतात ते बहुधा यामुळेच, कारण त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर बरेच असते. उघड्या रानात अगदीच अडकून पडल्यास दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसणे, डोके गुडघ्यांत घेणे, कान झाकणे आणि आडवे न पडणे, ही कृती मुलांकडून एकदा करून घ्यावी. परंतु तिच्यावर फार वेळ घालवू नये. ही कृती माणसाला सुरक्षित करत नाही, धोका फक्त थोडा कमी करते. मुलांना मात्र ती गमतीची वाटते आणि पाठातले तेवढेच ध्यानात राहण्याची भीती असते.

शेळ्या राखणाऱ्या मुलांची अडचण निराळी असते. नियम पाठ असूनही शेळ्या टाकून घरी गेले तर मार बसेल, या धास्तीने ते मूल झाडाखालीच थांबते. हा प्रश्न वर्गात सुटत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा पालकांच्या सभेत, आभाळ गडगडले तर मुलाने जनावरे जिथल्या तिथे सोडून यावे आणि त्याबद्दल घरात कोणी बोलणार नाही, असे पालकांकडून सर्वांसमक्ष वदवून घ्यावे. त्याच सभेत पालकांच्या मोबाइलवर 'दामिनी' हे ॲप घालून द्यावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले हे ॲप आपल्या जागेपासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिसरात विजा पडत असल्यास सूचना देते.

शाळेतील सराव साधा ठेवावा. घंटेचा एक ठराविक इशारा ठरवावा, पटांगण रिकामे व्हायला किती वेळ लागतो ते पाहावे आणि वर्गात हजेरी घ्यावी. मुलांना व्हरांड्यात थांबू देऊ नये. खिडकीचे गज, लोखंडी फाटक आणि नळ यांपासून दूर बसवावे आणि संगणकाचा प्लग आधीच काढून ठेवावा. शाळा सुटण्याच्या वेळी गडगडाट सुरू असेल तर पालक दारात उभे असले तरी मुलांना सोडू नये. पालकांनाच आत घ्यावे. इमारतीवर तडितरक्षक असल्यास त्याची जमिनीत गेलेली तार तुटलेली नाही ना, हे पावसाळ्यापूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावे.

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत अजून अनेक गावांत आहे. वर्गात असे एखादे मूल असतेच आणि बाकीची मुले त्याला ढग आले की चिडवतात, कधी जवळही येऊ देत नाहीत. जन्माच्या वेळी पाय आधी बाहेर आले याचा विजेशी काडीचाही संबंध नाही, हे शिक्षकांनी कोणाचे नाव न घेता ठामपणे सांगावे. खिशातल्या मोबाइलकडे वीज ओढली जाते, हाही गैरसमजच आहे. चार्जरला जोडलेला किंवा तारेचा फोन मात्र टाळावा.

सातवी-आठवीच्या मुलांना प्रथमोपचार शिकवावेत. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्याला हात लावल्याने धक्का बसत नाही. विजा अजून कडाडत असतील तर आधी त्याला सुरक्षित जागी हलवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एकाच वेळी अनेक जण पडलेले असतील तर विव्हळणाऱ्यांआधी निपचित पडलेल्यांकडे जावे. ज्याचा श्वास थांबला आहे त्याच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब देत राहावे, कारण विजेच्या धक्क्याने थांबलेले हृदय अशा दाबाने पुन्हा सुरू होण्याची शक्यता बरीच असते. काही ठिकाणी अशा माणसाला शेणात पुरून ठेवतात. त्यात त्याच्या वाचण्याची मोलाची मिनिटे वाया जातात, हे मुलांनी घरी सांगावे.