दोन वर्षांच्या मुलासाठी बिनजोड स्वेटर, गळ्याला तीन बटणं

कोकणात स्वेटर लागतो तो पहाटे. दापोलीकडे पौषात जरा जास्तच. ऊन चढलं की पोरं तो ओढून काढायला बघतात. म्हणून ही बटणपट्टी: बटणं सोडली की गळ्याला वारा लागतो.

लोकरीऐवजी मध्यम जाडीचा सुती धागा घ्या, साधारण 200 ग्रॅम. सुई गोल, 4 मिमी, पट्ट्यांना 3.25. दहा सेंटिमीटरला 22 टाके, 30 ओळी यायला हव्यात. नमुन्याचा तुकडा धुऊन, वाळवून मगच मोजा. सुती वीण ओली झाली की लांबीत सुटते, न धुतलेला तुकडा फसवतो.

वीण गळ्यापासून खाली जाते. 62 टाके घाला, एक ओळ उलट विणा आणि खुणा लावा: 9 पुढचे, 10 बाही, 24 पाठ, 10 बाही, 9 पुढचे. प्रत्येक सुलट ओळीत खुणेच्या एक टाका आधी आणि एक टाका नंतर मधला आडवा धागा उचलून, पीळ देऊन टाका वाढवा. ओळीला 8 वाढतात. पीळ विसरलात तर तिथे भोक पडतं. बाराव्या वाढीच्या ओळीअखेर 6 नवे टाके सैल घाला आणि गोल जोडा. हे घट्ट घातले तर पट्टीच्या पायथ्याशी चुणी पडते, ती नंतर जात नाही. पुढे एक फेरी सोडून एक अशी आणखी 6 वेळा वाढ.

बाह्यांचे 46-46 टाके जाड दोऱ्यावर काढा, दोन्ही काखांत 4-4 नवे घाला. अंगाचे 128 होतात. हवी तेवढी लांबी विणा, शेवटी 3 सेंटिमीटर एक सुलट एक उलट. बाही 50 टाक्यांची. दर आठव्या फेरीला काखेखाली दोन कमी करत 36 वर आणा, मग तशीच किनार. काखेच्या कोपऱ्यात भोक दिसतंच, तिथे एकेक टाका जास्त उचलून पुढच्या फेरीत जोडून टाका.

आता गळा: 61 टाके उचलून 6 ओळी एक सुलट एक उलट. मग उघड्या कडेला, गळ्याच्या पट्टीसकट, 4 ओळींना 3 या हिशोबाने 23 टाके. सरसकट प्रत्येक ओळीतून उचलले की पट्टी झालरीसारखी फुगते. दोन्ही बाजूंना 8-8 ओळी. त्यातली जी पट्टी वर येणार तिच्यात चौथ्या ओळीला काजं: 2 टाके विणा, धागा पुढे घेऊन दोन एकत्र, मग 6 विणून पुन्हा तेच, अशी तीन. खालची टोकं एकावर एक ठेवून पायथ्याशी नवे घातलेल्या त्या 6 टाक्यांना शिवा.

बटणं करवंटीची, 12 मिमी. धातूची नकोत, खाऱ्या हवेत गंजतात आणि डाग धाग्यात उतरतो. धुतल्यावर दांडीवर टांगू नका. सुपात किंवा चटईवर आडवा पसरून वाळवा.