साताऱ्यात घर घेताय? आधी बँड बघा

घरून काम करायचं म्हणून पुण्या-मुंबईहून साताऱ्यात येणारे मला हटकून विचारतात, "ताई, इथं रेंज कुणाची चांगली?" अकरा वर्षांपूर्वी डोंबिवलीहून आले तेव्हा मीही हेच विचारत फिरले होते. आता सांगते: कंपनीचं नंतर बघू, त्या घरात कुठला बँड, म्हणजे मोबाईलच्या लहरींचा कुठला फ्रिक्वेन्सी-पट्टा, पोचतो ते आधी बघा.

माझं पहिलं घर किल्ल्याच्या पायथ्याच्या पेठेत होतं. जुना वाडा, दोन फूट जाडीच्या काळ्या दगडी भिंती. गॅलरीत नेट सुसाट, पण आतल्या खोलीत मीटिंगमध्ये समोरच्याचा आवाज तुटायचा. दोनदा कनेक्शन बदललं. "टॉवर जवळ आहे, मॅडम," एवढंच उत्तर मिळायचं. टॉवर जवळच होता, तरी गॅलरीत फोन २३०० मेगाहर्ट्झवर असायचा आणि उंबरा ओलांडला की ८५० वर उतरायचा. कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते, डोंगराच्या कडेनं थोडी वळते, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येते. पण तिचा पट्टा अरुंद. संध्याकाळी सगळी गल्ली त्याच पट्ट्यावर आली की वेग बसतो. ३३०० च्या आसपासचा पट्टा रुंद, म्हणून तिथं फाइव्ह-जी पळतं. दगडी भिंत मात्र त्याला सोसत नाही.

म्हणून घर बघायला जाताना फोन टॉवरच्या कुठल्या बँडवर आहे आणि सिग्नल किती आहे ते दाखवणारं एखादं फुकट ॲप टाकून न्या. बँड ५ म्हणजे ८५०, ३ म्हणजे १८००, ४० म्हणजे २३००. फाइव्ह-जीत एन२८ म्हणजे ७०० आणि एन७८ म्हणजे ३३०० च्या पुढचा. सिग्नलचा आकडा (ॲपमध्ये RSRP) उणे ९० च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा, उणे ११० च्या खाली, म्हणजे उणे ११५-१२० कडे, गेला तर त्या खोलीत टेबल मांडू नका. दुपारी एकदा बघा, रात्री आठला पुन्हा बघा. आणि फोन अमेरिकेतून आणलेला असेल, तर त्यात बँड ४० आहे का हे आधी तपासा. कितीतरी मॉडेलमध्ये तो नसतो.

गच्चीवर बसणारं वायरलेस ब्रॉडबँड घेणार असाल, तर टॉवरच्या दिशेला आंबा किंवा सिल्व्हर ओक आहे का ते बघा. ३३०० ला नुसत्या पावसाचं फारसं काही वाटत नाही. ओल्या पानांचं वाटतं. मे महिन्यात झकास चाललेलं कनेक्शन जुलैत रडतं ते त्यामुळे.

घरातल्या वायफायलाही हाच नियम. ५ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम सहा सेंटिमीटरची, ती खोलीतच राहते, २.४ ची साडेबारा सेंटिमीटरची, ती पलीकडे जाते पण शेजाऱ्यांच्या गर्दीत सापडते. तिला १, ६ किंवा ११ यांतलं रिकामं चॅनल द्या. दगडी घर असेल तर सरळ चौकटीच्या कडेनं लॅन केबल ओढून घ्या, मी शेवटी तेच केलं.

भाड्याची बोलणी करतानाच गच्चीवर खांब लावायची परवानगी मागा. आमच्या घरमालकीण काकूंनी लगेच हो म्हटलं, फक्त पापड वाळत घालायचा कोपरा सोडायला लावला.